सिग्मंड फ्रॉइड यांचे धूम्रपान आणि आजारपण

सिग्मंड फ्रॉइड (६ मे, इ.स. १८५६ – २३ सप्टेंबर, इ.स. १९३९) हे ऑस्ट्रियन मज्जाविकारतज्ज्ञ आणि मनोविश्लेषणाचे जनक होत. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी धूम्रपानास प्रारंभ केला आणि मधले काही खंड वगळता ते आयुष्याच्या अखेरच्या काळापर्यंत चालू ठेवले. हृदयविकाराची लक्षणे, तोंडाचा कर्करोग, जबड्यावरील तीसहून अधिक शस्त्रक्रिया आणि अनेक डॉक्टरांनी वारंवार केलेली मनाई यांपैकी कशानेही त्यांची सिगार कायमची सुटली नाही. व्यसन सोडविण्यासाठी औषध द्यावे, ही कल्पना मात्र त्यांनी तरुणपणीच उचलून धरली होती. मॉर्फीनच्या आहारी गेलेल्या एका मित्रावर त्यांनी कोकेनचा उपाय करून पाहिला व त्याचा परिणाम दुःखद झाला. प्रस्तुत लेखात फ्रॉइड यांचे चरित्र मुख्यतः या दोन धाग्यांच्या अनुषंगाने दिले आहे. त्यांच्या सिद्धान्तांचा परिचय आवश्यक तेवढाच आहे.

पूर्वायुष्य

फ्रॉइड यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्याच्या मोराव्हिया प्रांतातील फ्रायबर्ग या गावी झाला. हे गाव आता चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव प्रशीबोर असे आहे. वडील याकोब हे लोकरीचे व्यापारी होते, आईचे नाव अमालिया. कुटुंब ज्यू होते आणि सांपत्तिक स्थिती बेताचीच होती. इ.स. १८६० मध्ये हे कुटुंब व्हिएन्नात स्थायिक झाले. शाळेत फ्रॉइड सातत्याने वरच्या क्रमांकावर असत. इ.स. १८७३ मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी नाव घातले. एर्न्स्ट ब्रुके यांच्या शरीरक्रियाविज्ञान प्रयोगशाळेत ते इतके रमले की पदवी मिळण्यास इ.स. १८८१ साल उजाडले.

याकोब फ्रॉइड स्वतः मोठे धूम्रपान करणारे होते आणि ते ऐंशीच्या पुढे जगले. मुलाने प्रथम सिगारेट ओढल्या, पण थोड्याच काळात तो सिगारकडे वळला. ऑस्ट्रियात तंबाखूचा व्यापार सरकारी मक्तेदारीत होता आणि त्या मक्तेदारीतून विकली जाणारी त्राबुको नावाची लहान आकाराची सिगार ही फ्रॉइड यांची रोजची सिगार होती. प्रवासाला गेलेल्या मित्रांकडून ते याहून चांगल्या प्रतीच्या सिगार मागवीत. दिवसाला सुमारे वीस सिगार हे त्यांचे प्रमाण बहुतेक सर्व चरित्रकारांनी नोंदविले आहे.

कोकेन आणि फ्लाइश्ल-मार्क्सोव

इ.स. १८८२ मध्ये फ्रॉइड यांचा मार्था बर्नेज यांच्याशी वाङ्‌निश्चय झाला. विवाहास लागणारा पैसा हाताशी नव्हता, त्यामुळे प्रयोगशाळा सोडून ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दाखल झाले. लवकर नाव व्हावे अशा एखाद्या शोधाच्या ते मागे होते. इ.स. १८८४ च्या वसंत ऋतूत त्यांच्या वाचनात कोकेनसंबंधीचे काही लेख आले. बव्हेरियाच्या सैनिकांना कोकेन दिल्यावर त्यांचा थकवा कमी झाला, असा एका जर्मन लष्करी डॉक्टरचा अनुभव होता. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात तर मॉर्फीनचे व्यसन कोकेनने सुटते, असे अहवाल येत होते. फ्रॉइड यांनी डार्मश्टाटच्या मेर्क कंपनीकडून कोकेन मागविले, प्रथम स्वतः घेऊन पाहिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कोका या विषयावरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. अजीर्ण, थकवा, उदासीनता अशा अनेक विकारांवर कोकेन उपयुक्त असल्याचे त्यात म्हटले होते. मॉर्फीन आणि मद्य यांच्या व्यसनावरील उपाय म्हणूनही त्याची शिफारस होती.

या शिफारशीमागे एक जिवंत उदाहरण होते. एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव हे ब्रुके यांच्या प्रयोगशाळेतील बुद्धिमान आणि देखणे संशोधक होते. फ्रॉइड त्यांना आदर्श मानीत. शवविच्छेदनाच्या कामात झालेल्या जंतुसंसर्गामुळे त्यांच्या हाताचा अंगठा कापावा लागला होता. उरलेल्या भागातील मज्जातंतूंना वारंवार गाठी येत, त्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागत आणि त्या असह्य वेदनेपायी ते मॉर्फीनच्या अधीन झाले होते. मे १८८४ मध्ये फ्रॉइड यांनी त्यांना कोकेन देण्यास सुरुवात केली. पहिले काही दिवस सुधारणा दिसली. परंतु वेदना गेली नव्हती, त्यामुळे मॉर्फीन सुटले नाही आणि त्याच्या जोडीला कोकेन आले. वर्षभरात फ्लाइश्ल दिवसाला सुमारे एक ग्रॅम कोकेन घेऊ लागले. जून १८८५ मध्ये त्यांना भ्रम होऊन अंगावर साप सरपटत असल्याचा भास होऊ लागला. फ्रॉइड यांनी अनेक रात्री त्यांच्या उशाशी बसून काढल्या. फ्लाइश्ल पुढे सहा वर्षे जगले आणि इ.स. १८९१ मध्ये, पंचेचाळिशीत, मरण पावले.

फ्रॉइड यांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीचा वाटत आला आहे आणि तो झाकून ठेवण्याजोगा नाही. मार्च १८८५ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मॉर्फीन सोडविण्याचा एक यशस्वी प्रयोग सांगितला. रुग्णाला कोकेनची सवय लागली नाही, असे त्यात प्रतिपादन होते आणि त्वचेखाली कोकेनची सुई देण्याची शिफारसही होती. प्रत्यक्षात मित्राची अवस्था त्या वेळीच बिघडत चालली होती. आल्ब्रेख्त एर्लेनमायर या जर्मन डॉक्टरांनी कोकेनच्या वापरावर कडक टीका केली आणि मद्य व मॉर्फीन यांच्या पाठोपाठ मानवजातीवर आलेले हे तिसरे संकट आहे, असा इशारा दिला. इ.स. १८८७ मध्ये फ्रॉइड यांनी दिलेले उत्तर बचावात्मक होते. कोकेनची सवय फक्त आधीच मॉर्फीनच्या आहारी गेलेल्यांना लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे स्वप्नमीमांसेवरील ग्रंथात त्यांनी आपण कोकेन केवळ पोटातून घेण्यास सांगितले होते आणि सुईचा विचारही केला नव्हता, असे लिहिले. इ.स. १८८५ च्या व्याख्यानाशी हे विधान जुळत नाही.

याच कोकेनने दुसऱ्या एकाला कीर्ती दिली. फ्रॉइड यांचे सहकारी कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या पृष्ठभागावर कोकेनचे थेंब घालून तो भाग बधिर करून दाखविला आणि सप्टेंबर १८८४ मध्ये स्थानिक बधिरीकरणाचे युग सुरू झाले. फ्रॉइड त्या सुमारास वाग्दत्त वधूला भेटण्यास गेले होते. हातची संधी निसटल्याची खंत त्यांनी नंतर आत्मपर लेखनात व्यक्त केली.

फ्लीस यांची मनाई

इ.स. १८८५–८६ मध्ये पॅरिसला शार्को यांच्या हाताखाली काही महिने काढून फ्रॉइड परतले, त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि सप्टेंबर १८८६ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील नऊ वर्षांत त्यांना सहा अपत्ये झाली. इ.स. १८८७ मध्ये त्यांची बर्लिनचे कान-नाक-घसातज्ज्ञ विल्हेल्म फ्लीस यांच्याशी ओळख झाली. पुढील दशकभर फ्लीस हे त्यांचे सर्वांत जवळचे मित्र होते आणि वैद्यकीय सल्लागारही. शरीरातील अनेक विकारांचे मूळ नाकात असते, अशी फ्लीस यांची विचित्र उपपत्ती होती. त्यांनी फ्रॉइड यांच्या नाकावर शस्त्रक्रिया केल्या, नाकात कोकेन लावण्याचा उपचार सांगितला आणि धूम्रपान बंद करण्यास फर्मावले. पहिले दोन उपाय आज कोणी करणार नाही. तिसरा मात्र बिनचूक होता.

इ.स. १८९३ च्या शरद ऋतूत ही मनाई प्रथम आली आणि ती पाळली जात नसल्याचे फ्रॉइड यांनी पत्रातून मोकळेपणाने कळविले. इ.स. १८९४ च्या वसंतात त्यांनी खरोखरच सिगार बंद केल्या. त्यानंतर काही दिवसांतच हृदयाचे ठोके अनियमित झाले, छातीत जळजळ व दाब जाणवू लागला, वेदना डाव्या हातापर्यंत पसरली आणि श्वास अपुरा पडू लागला. मन खिन्न झाले, मृत्यूची व निरोपाची चित्रे डोळ्यांसमोर येऊ लागली. स्वतः डॉक्टर असूनही आपला आजार कोणता हे त्यांना ठरविता येईना. ज्येष्ठ मित्र योझेफ ब्रॉयर यांना हृदयाच्या स्नायूचा दाह वाटत होता, तर फ्लीस यांच्या मते ही निकोटीनची विषबाधा होती. हृदयासाठी डिजिटालिस देण्यात आले. आपल्यापासून खरे निदान लपविले जात आहे, असा संशय त्या काळात फ्रॉइड यांना सतत येत होता. पुढे त्यांचे वैयक्तिक डॉक्टर झालेले माक्स शूर यांनी ही सर्व लक्षणे तपासून तो हृदयाच्या रोहिणीतील अडथळ्याचा प्रकार असावा, असे मत मांडले. अर्नेस्ट जोन्स यांनी लिहिलेल्या बृहद् चरित्रात मात्र मानसिक कारणांवर भर आहे.

सिगार सोडल्यावर आलेली खिन्नता, अस्वस्थता आणि कामातून उडालेले लक्ष यांचे एक कारण आजच्या वाचकाला सहज ओळखता येईल. निकोटीन हा पदार्थ तंबाखूतून इ.स. १८२८ मध्येच वेगळा करण्यात आला होता. परंतु तो शरीराला अंकित करतो आणि तो तोडल्यावर काही आठवडे शरीर व मन त्याची मागणी करीत राहतात, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यकशास्त्रात रुजलेली नव्हती. धूम्रपान ही वाईट सवय समजली जाई आणि तिच्यावरील उपाय म्हणजे निग्रह. फ्रॉइड यांच्याजवळ निग्रहाची वाण होती असे म्हणणे कठीण आहे. बारा-बारा तास रुग्ण पाहून रात्री लेखन करणारा हा माणूस इतर सर्व बाबतींत कमालीचा शिस्तबद्ध होता.

जून १८९५ मध्ये त्यांनी फ्लीस यांना कळविले की, चौदा महिन्यांच्या संयमानंतर आपण पुन्हा ओढू लागलो आहोत. सिगारवाचून मन कामच करीत नाही, ही त्यांची सबब होती. मनोविश्लेषणाच्या मूलभूत कल्पना त्याच महिन्यांत आकार घेत होत्या. ते आयुष्यभर सिगार आणि बौद्धिक श्रम यांची सांगड घालत राहिले. आपल्या कार्यक्षमतेचे आणि आत्मसंयमाचे श्रेय त्यांनी म्हातारपणीही सिगारला दिले आहे.

सिद्धान्तातील स्थान

दुसऱ्यांच्या सवयींचे मूळ शोधणाऱ्या फ्रॉइड यांनी स्वतःच्या सिगारविषयी फारच थोडे लिहिले. इ.स. १८९७ च्या अखेरीस फ्लीस यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी हस्तमैथुन हे मूळ व्यसन असून मद्य, मॉर्फीन, तंबाखू ही त्याची पर्यायी रूपे आहेत, असा विचार मांडला. इ.स. १९०५ मधील लैंगिकतेवरील निबंधांत, ज्या मुलांच्या बाबतीत ओठांची संवेदना विशेष तीव्र असते त्यांच्यात मोठेपणी मद्यपानाची व धूम्रपानाची ओढ दिसते, असे त्यांनी सुचविले. इ.स. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संस्कृतीविषयक ग्रंथात जगण्याचे दुःख सुसह्य करणाऱ्या साधनांत त्यांनी मादक पदार्थांची गणना केली आहे. हे सर्व उल्लेख ओझरते आहेत. कधी कधी सिगार ही केवळ सिगारच असते, या आशयाचे एक वाक्य त्यांच्या नावावर जगभर खपविले जाते, परंतु त्यांच्या लेखनात ते आढळत नाही.

इ.स. १९०२ पासून दर बुधवारी बेर्गगासे १९ या त्यांच्या घरी शिष्यांची बैठक भरे. काळी कॉफी आणि सिगार-सिगारेटी हा तिचा अविभाज्य भाग होता. बैठक संपल्यावर खोलीत इतका धूर कोंडलेला असे की माणसे तेथे तासन्‌तास बसली कशी, याचे नवल वाटे, अशी आठवण त्यांचे पुत्र मार्टिन यांनी नोंदविली आहे. न ओढणाऱ्यांविषयी फ्रॉइड यांना किंचित कीव वाटे. सतरा वर्षांच्या एका पुतण्याने सिगारेट नाकारली, तेव्हा धूम्रपान हे आयुष्यातील सर्वांत मोठ्या आणि स्वस्त सुखांपैकी एक असल्याचे त्यांनी त्याला समजावले.

पहिल्या महायुद्धात व्हिएन्नात अन्नधान्याबरोबर तंबाखूचाही तुटवडा झाला. इ.स. १९१७ च्या अखेरीस सिगार संपल्या, तेव्हा फ्रॉइड चिडचिडे झाले, छातीत धडधड होऊ लागली आणि टाळूवर दुखरी सूज आली. एका रुग्णाने पन्नास सिगार आणून दिल्या. पहिली ओढताच मन प्रसन्न झाले आणि टाळूचे दुखणेही ओसरले, असे त्यांनी शांदोर फेरेन्त्सी यांना विनोदाने कळविले. त्या टाळूतच पुढे काय वाढून ठेवले होते, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

कर्करोग

फेब्रुवारी १९२३ मध्ये फ्रॉइड यांना तोंडात उजव्या बाजूस जबडा व टाळू यांवर एक चट्टा वाढत असल्याचे जाणवले. दोन महिने त्यांनी कोणाला दाखविला नाही. डॉक्टरांना दाखविले तर प्रथम सिगार बंद होणार, हे त्यांना ठाऊक होते. एप्रिलमध्ये त्वचारोगतज्ज्ञ माक्सिम श्टाइनर आणि त्यांचे वैयक्तिक डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी तो पाहिला. डॉइच यांना पाहताक्षणीच कर्करोगाची शंका आली, पण त्यांनी हा धूम्रपानामुळे येणारा पांढरा चट्टा असल्याचे सांगितले. आपल्याला दीर्घकाळ तडफडत मरावे लागू नये, सन्मानाने जाण्यास मदत मिळावी, असे फ्रॉइड यांनी त्या भेटीत सुचविले होते. त्यामुळे सत्य सांगितल्यास ते आत्महत्या करतील, अशी भीती डॉइच यांना वाटली. फ्रॉइड यांनी स्वतः मात्र हा कर्करोगच असावा, असे निदान मनाशी केले होते आणि जोन्स यांना ते कळविलेही.

शस्त्रक्रियेसाठी त्यांनी मार्कुस हायेक यांची निवड केली. ती चांगली नव्हती. घरी काहीच न सांगता फ्रॉइड हायेक यांच्या बाह्यरुग्ण विभागात गेले. शस्त्रक्रियेत अपेक्षेपेक्षा जास्त रक्त गेले. दूरध्वनीवरून निरोप मिळाल्यावर पत्नी मार्था व कन्या आना धावत तेथे पोहोचल्या, तेव्हा ते रक्ताने माखलेल्या कपड्यांत स्वयंपाकघरातील एका साध्या खुर्चीवर बसलेले आढळले. नंतर त्यांना एका लहानशा खोलीत निजविण्यात आले. तेथे दुसरा रुग्ण होता, मतिमंद व बुटका. दुपारी भेटीची वेळ नसल्याने दोघी घरी गेल्या असताना फ्रॉइड यांना पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. बोलता येत नव्हते, घंटा वाजत नव्हती. त्या बुटक्या रुग्णाने धावत जाऊन परिचारिकेला बोलावले म्हणून ते वाचले. आना त्या रात्री त्यांच्याजवळून हलल्या नाहीत. काढलेल्या भागाच्या तपासणीत कर्करोग निघाला, पण रुग्णाला ते सांगण्यात आले नाही.

त्याच उन्हाळ्यात, १९ जून रोजी, त्यांचा चार वर्षांचा नातू हाइनेले क्षयाने दगावला. या मुलाची आई, म्हणजे फ्रॉइड यांची कन्या सोफी, तीन वर्षांपूर्वीच वारली होती. स्वतःच्या आजारात न डगमगलेले फ्रॉइड या मृत्यूने कोसळले. त्यानंतर आपल्याला कशातच गोडी वाटेनाशी झाली, असे ते म्हणत. निदान लपविले गेल्याचे त्यांना पुढे कळले, तेव्हा ते संतापले. डॉइच यांच्याशी त्यांचा वैद्यकीय संबंध त्यानंतर टिकला नाही.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हान्स पिख्लर या निष्णात शल्यचिकित्सकांनी दोन टप्प्यांत मोठी शस्त्रक्रिया केली. ओठ व गाल चिरून उजवा वरचा जबडा, खालच्या जबड्याचा काही भाग आणि टाळू काढून टाकण्यात आले. ही शस्त्रक्रिया स्थानिक बधिरीकरणाखाली झाली, म्हणजे कोलर यांनी चार दशकांपूर्वी उघडलेल्या वाटेनेच. तोंड आणि नाक यांच्यातील पडदा नाहीसा झाल्याने एक मोठी कवळीसारखी कृत्रिम टाळू बसवावी लागली. ती नसली तर बोलता किंवा खाता येत नसे आणि असली तर टोचत असे. घरात तिला राक्षसीण म्हणत. ती बसविण्यास कधी कधी अर्धा तास लागे आणि हे काम आना करीत. उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, तेव्हा रुग्णांचे बोलणे डाव्या कानाने ऐकता यावे म्हणून प्रसिद्ध कोच आणि खुर्ची यांच्या जागा बदलण्यात आल्या.

पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांशिवाय क्ष-किरण, रेडियम, विद्युत्‌दाह आणि कवळीची अखंड दुरुस्ती चालूच होती. नवे चट्टे येत, पिख्लर ते कापीत किंवा जाळीत आणि धूम्रपानाने तोंडाच्या आवरणाचा क्षोभ होतो हे बजावीत. फ्रॉइड ऐकून घेत. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये सिगार पुन्हा पेटे.

माक्स शूर यांची नेमणूक

फेब्रुवारी १९२६ मध्ये रस्त्यातून चालताना त्यांना छातीत कळा आल्या. काही काळ सिगार बंद झाली, पुन्हा सुरू झाली. इ.स. १९२९ मध्ये मारी बोनापार्ट यांच्या आग्रहावरून तरुण डॉक्टर माक्स शूर यांनी त्यांच्या प्रकृतीची जबाबदारी घेतली. पहिल्याच भेटीत फ्रॉइड यांनी दोन अटी घातल्या. आपल्यापासून सत्य कधीही लपवू नये आणि वेळ आली की विनाकारण यातना भोगू देऊ नयेत. शूर यांनी दोन्ही मान्य केल्या. तिसरी अट डॉक्टरांची असायला हवी होती, ती म्हणजे सिगार सोडण्याची. शूर यांनी ती लादली नाही. या माणसाचे काम आणि त्याचे जगणे सिगारशी किती जखडलेले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

इ.स. १९३० च्या वसंतात हृदय व पोट यांच्या तक्रारींसाठी फ्रॉइड यांना आरोग्यधामात ठेवावे लागले. तेथे त्यांनी धूम्रपान पूर्णपणे सोडले. पन्नास वर्षे आयुष्याशी झुंजताना जिने ढालीचे आणि शस्त्राचे काम केले, तिला निरोप दिल्याचे त्यांनी लू आन्द्रेआस-सालोमे यांना कळविले. प्रकृती सुधारल्याचेही मान्य केले, पण सुख मात्र उरले नाही अशी तक्रार होती. थोड्याच काळात दिवसाला एक, मग दोन, अशा सिगार परत आल्या.

व्यसनाविषयीच्या नंतरच्या ज्ञानाच्या प्रकाशात ही पुनरावृत्ती वेगळी दिसते. फ्रॉइड यांच्या हयातीत त्यांना कोणी मनाईपलीकडे काही देऊ शकले नाही. शरीराला निकोटीन द्यायचे, पण धुरातून नव्हे, आणि हळूहळू कमी करीत न्यायचे, या तत्त्वावरील च्युइंगगम स्वीडनमध्ये ऊवे फर्नो यांच्या प्रयत्नांतून इ.स. १९७० च्या दशकात आले. अमेरिकेत इ.स. १९८४ मध्ये ते प्रथम डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळू लागले. मूळचे नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन हे औषध इ.स. १९९७ मध्ये अमेरिकेत धूम्रपान सोडण्यासाठी मान्य झाले. इ.स. २००६ मधील व्हॅरेनिक्लिन मेंदूतील निकोटीनच्या ग्राहींवर अंशतः काम करते. त्यामुळे तलफ सौम्य होते आणि वर ओढलेल्या सिगारेटचे सुखही उणावते. त्याची कल्पना लॅबर्नम वृक्षाच्या बियांतील सायटिसिन या द्रव्यावरून आली. पूर्व युरोपात सायटिसिन इ.स. १९६० च्या दशकापासून याच कामासाठी वापरात होते. ही औषधे सर्वांनाच तारतात असे नाही आणि समुपदेशनाची जोड असल्यास त्यांचा गुण अधिक येतो. तरीही एका पदार्थाच्या पकडीतून सुटण्यासाठी दुसरे औषध मदत करू शकते, हा तरुण फ्रॉइड यांचा विचार मुळातच चुकीचा नव्हता, हे यावरून दिसते. त्यांनी निवडलेले औषध स्वतःच अधिक घातक व्यसन लावणारे होते, मित्राची मूळ वेदना तशीच राहिली होती आणि दोन-तीन आठवड्यांच्या अनुभवावरून त्यांनी निष्कर्ष जाहीर केला होता.

लंडन आणि मृत्यू

इ.स. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी फ्रॉइड यांचे ग्रंथ जाळले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केला. आना यांना गेस्टापोने चौकशीसाठी नेले, त्यानंतर देश सोडण्याचा निर्णय झाला. मारी बोनापार्ट, जोन्स आणि इतरांच्या खटपटीने ४ जून १९३८ रोजी फ्रॉइड यांनी सत्तेचाळीस वर्षांचे बेर्गगासेचे घर सोडले आणि पॅरिसमार्गे ते लंडनला पोहोचले. मागे राहिलेल्या त्यांच्या चार बहिणी पुढे नाझींच्या छळछावण्यांत मरण पावल्या.

सप्टेंबर १९३८ मध्ये पिख्लर यांनी लंडनला येऊन आणखी एक मोठी शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी १९३९ मध्ये कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्याचे निश्चित झाले. किरणोपचाराने थोडा आराम मिळाला, पण थकवा व वेदना वाढल्या. बुद्धी स्वच्छ राहावी म्हणून फ्रॉइड तीव्र वेदनाशामके नाकारीत आणि क्वचित ॲस्पिरिन घेत. तोंडातील जखमांवर मात्र ते ऑर्थोफॉर्म हे बधिर करणारे द्रव्य वापरीत. हे औषध नोव्होकेनच्या कुळातले, म्हणजे कोकेनच्या मार्गानेच आलेले. ऑगस्टपर्यंत त्यांनी काही रुग्ण पाहिले. गालाला भोक पडले, जखमेला इतकी दुर्गंधी येऊ लागली की त्यांचा लाडका चाऊ जातीचा कुत्रा खोलीच्या कोपऱ्यात लांब बसे. शेवटचे पुस्तक त्यांनी वाचले ते बाल्झाक यांची एक कादंबरी, जिच्यात नायकाचे आयुष्य एका कातड्याबरोबर आक्रसत जाते.

२१ सप्टेंबर रोजी त्यांनी शूर यांचा हात धरून दहा वर्षांपूर्वीच्या वचनाची आठवण दिली आणि आनाशी बोलून घेण्यास सांगितले. आना यांनी प्रथम विरोध केला, मग संमती दिली. शूर यांनी मॉर्फीनची सुई दिली व काही तासांनी ती पुन्हा देण्यात आली. फ्रॉइड गाढ झोपेत गेले आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे तीनच्या सुमारास मरण पावले. मात्रा किती होती आणि शेवटची सुई शूर यांनी दिली की कुटुंबाच्या स्नेही असलेल्या डॉक्टर योझेफिन श्ट्रॉस यांनी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

लंडनमधील गोल्डर्स ग्रीन येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांची रक्षा मारी बोनापार्ट यांनी भेट दिलेल्या प्राचीन ग्रीक कलशात ठेवण्यात आली. मेअर्सफील्ड गार्डन्स येथील त्यांच्या घरी आना इ.स. १९८२ पर्यंत राहिल्या. इ.स. १९८६ पासून तेथे संग्रहालय आहे. व्हिएन्नाहून आणलेला कोच, ग्रंथ आणि पुरातन मूर्तींनी भरलेले मेज तेथे जपले आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी इ.स. १९२२ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेने पंचाहत्तरीनिमित्त पाठविलेली विष्णूची हस्तिदंती मूर्तीही फ्रॉइड आपल्या मेजावर ठेवीत असत.